कर्नलसाहेबांचं रोजचं बटण

सकाळचा चहा संपला की आप्पा फोन घेऊन गच्चीवर जायचे आणि तिथे कर्नल व्हायचे.

वेड लागलं होतं असं नाही. आप्पा साधे बटणांचे दुकानदार, सैन्याशी संबंध आला तो गणवेशाच्या पितळी बटणांपुरता. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीआड उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, ते स्वतःच्याच दुकानाची वेबसाइट उघडायचे, एखादं बटण निवडायचे, ग्राहकाच्या नावाच्या जागी ‘कर्नल’ एवढंच टाकायचे आणि आपल्याच कार्डाने पैसे भरायचे. खाली दुकानात कॉम्प्युटर ‘टिंग’ करायचा. ती टिंग ऐकली की आप्पांचा जीव भांड्यात पडायचा. मग जिना उतरून, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने ते गल्ल्यावर येऊन बसायचे.

हे सगळं सुनेसाठी चाललं होतं. मुलगा बोटीवर इंजिनीअर, घरी कमी आणि समुद्रावर जास्त. सून विम्याच्या कचेरीत चांगल्या नोकरीवर होती. आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले, शिडी चढवेना, तेव्हा घरात दुकान बंद करायच्या गोष्टी निघाल्या. सून आपण होऊन म्हणाली, "मी वर्षभर बिनपगारी रजा घेते. दुकान ऑनलाइन काढते. वर्षात ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर मी इथेच. नाही राहिलं तर मी परत कचेरीत, आणि तुम्ही शटर ओढा." आता वर्ष संपत आलं होतं. महिनाअखेर कचेरीला काय ते कळवायचं होतं.

ती जायला आप्पांना नको होती. दुकान वाचावं हे कारण होतंच. पण खरं कारण असं, की ती आल्यापासून दुकानात दिवस कसा सरतो ते त्यांना कळत नव्हतं. शिडीवरून ती खाली बटणं दाखवायची, आप्पा खालून नाकं मुरडायचे, दोघांचं कडाकडा वाजायचं आणि दोघांनाही भूक चांगली लागायची. हे तिला सांगायचं? छे! आप्पांच्या घराण्यात कौतुक तोंडावर करत नसत. माणूस गेल्यावर करत, आणि तेसुद्धा हात राखून. म्हणून आप्पांनी बोलायच्या ऐवजी बटणं विकत घ्यायला सुरुवात केली.

हिशेब त्यांच्या मते चोख होता. पैसे आपल्या खात्यातून निघतात आणि दुकानाच्या खात्यात पडतात, म्हणजे या खिशातलं त्या खिशात. माल घरी मागवायचा नाही, ‘दुकानात येऊन नेईन’ असं कळवायचं. सून वर जेवायला गेली की पाकीट उघडून बटण खणात परत टाकायचं, आणि ती खाली आली की जांभई देत सांगायचं, "तो कर्नल येऊन गेला."

"परत मी नसतानाच!" सून हळहळायची.

दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या तोंडावर एकेक बटण तारेने बांधलेलं. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, पितळेची, नाना तऱ्हेची. आणि या सगळ्यावर आप्पांचा एक नियम, जो त्यांनी वडिलांकडून घेतला होता आणि ब्रह्मदेव खाली आला तरी बदलणार नव्हते: बटण एकेकच विकायचं. ज्याचं एक हरवलं त्याच्या गळ्यात डझनाचं पाकीट मारायचं नाही. बटण उजेडात धरायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, स्वतंत्र कागदात बांधायचं, पैसे घ्यायचे आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दुकानात ते शोभून दिसायचं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या.

वेबसाइट काढताना आप्पा या नियमाला चिकटून बसले. "एका वेळी एक बटण आणि एका वेळी एकाचेच पैसे. टोपलीबिपली काही नको. ही काय भाजी आहे?" त्यामुळे शर्टाला सहा बटणं हवी असली तर माणसाने सहा वेळा कार्डाचा नंबर घालायचा आणि सहा वेळा फोनवर येणारा आकडा टाकायचा. एका बाईंनी बाळाच्या झबल्यासाठी चार बटणं घेतली आणि मग कळवलं, की पाचवं घेईपर्यंत बाळाला झबलं लहान झालं. आप्पांनी त्या बाईंना घाईची सवय आहे असा शेरा मारला.

ऑर्डरच्या खाली ‘दुकानदाराला काही सांगायचंय?’ असा एक चौकोन होता. आधी आप्पा तो रिकामा सोडत. एकदा सहज त्यांनी लिहिलं, ‘पाकीट नीटनेटकं असतं.’ सुनेने ते वाचलं आणि तिचा चेहरा असा काही खुलला, की आप्पांना चटकच लागली. मग कर्नल सुटले. ‘खणांचे फोटो फार मनापासून काढले आहेत.’ ‘शिंगाच्या बटणांची माहिती वाचून आनंद झाला.’ एकदा तर, ‘दुकानाला उशिरा का होईना, चांगली मालकीण मिळाली.’ हे शेवटचं टाकून आप्पा टाकीआड बराच वेळ उभे होते. खाली जायची लाज वाटत होती.

खाली सून ते वाक्य सासूबाईंना, म्हणजे माईंना, वाचून दाखवत होती. "किती मोठ्या मनाचा माणूस हो, माई! नाहीतर काही काही जण."

काही काही जण त्याच वेळी जिन्यातून आत येत होते.

हळूहळू ती कर्नलच्या पाकिटात दोऱ्याचं रीळ फुकट घालू लागली. "एकटे असतील बिचारे. रोज एकच बटण घेतात. कोट तरी केवढा असेल त्यांचा?" कर्नलना चहा प्यायला थांबवून घ्या, असंही तिने आप्पांना बजावलं. स्वतः आप्पांच्या चहात ती दोनदा साखर विसरली होती. आप्पांना कर्नलचा राग यायला लागला. आयत्या बिळावरचा नागोबा, असं ते मनात म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन पुन्हा त्याच्याच नावाने गोड गोड लिहायचे.

मग एका दुपारी सून स्टूल ओढून गल्ल्यासमोर बसली. "आप्पा, कुठेतरी पाणी मुरतंय. ऑर्डरी वाढल्यात, पैसे काही वाढत नाहीत."

"कुणी खातंय का?" आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पेमेंट कंपनी खातेय. राजरोस." तिने दहा लाकडी बटणं काउंटरवर ओळीने मांडली. "हे दहा रुपये समजा. दहाचं बटण विकलं. कंपनी शंभरामागे तीन घेते, ती चिल्लर. पण वर प्रत्येक वेळेचे ठरलेले दोन घेते. माल दहाचा असो नाहीतर हजाराचा, दोन म्हणजे दोन." तिने दोन बटणं बाजूला सरकवली आणि चिल्लर म्हणून तिसरं थोडंसं ओळीबाहेर ढकललं. "दहातले सव्वादोन गेलेच. शर्टाची सहा बटणं सहा वेळा विकली, की साठातले जवळजवळ चौदा यांच्या घशात. तीच सहा एकदम विकली तर चारसुद्धा नाहीत! मग कागद, दोरा, माझा वेळ. आपण दुकान चालवत नाही आहोत आप्पा, आपण त्या कंपनीकडे बिनपगारी कामाला आहोत."

आप्पा त्या बाजूला सरकवलेल्या बटणांकडे बघत राहिले. या खिशातून त्या खिशात पैसे जाताना वाटेत एक जण उभा होता, आणि रोज सकाळी कर्नलसाहेब त्याला सलाम ठोकून हप्ता देत होते.

"टोपली घालूया ना," सून म्हणाली. "एवढी एकच गोष्ट. सगळी बटणं घ्या आणि शेवटी एकदाच पैसे भरा."

"नियम म्हणजे नियम," आप्पा म्हणाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण तोंडाला सवय होती आणि ते त्यांना न विचारता बोलून मोकळं झालं.

सून भांडली नाही. तिने दहाही बटणं गोळा करून खणात टाकली. "मग कचेरीला काय कळवायचं ते ठरल्यातच जमा आहे," एवढंच ती म्हणाली. भांडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. कर्नलना बंद करावं तर सकाळची टिंग जाणार आणि तिचा उरलासुरला धीर सुटणार. चालू ठेवावं तर कंपनी लचके तोडणार. पहाटे पहाटे त्यांना युक्ती सुचली आणि ते स्वतःवरच खूश झाले. दोन जर ठरलेलेच आहेत, तर बटण महाग घ्यायचं! दहातले दोन डोळ्यांत भरतात, पाचशेतल्या दोनांना कोण विचारतो? शंभरामागच्या तिनाला सून चिल्लर म्हणाली होती, म्हणून आप्पांनी ते हिशेबातच धरले नाहीत. पाचशेवर तेच पंधरा होतात, हे बटणांत हयात घालवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. सकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी सर्वांत वरच्या खणातली, जुन्या शिंपल्याची, नक्षीची बटणं एकामागून एक घेऊन टाकली. खाली टिंग, टिंग, टिंग असा नुसता गजर झाला.

"माई, कर्नलना लॉटरी लागली!" सून खालून ओरडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेमेंट कंपनीतून फोन आला. सून पाकिटं बांधत होती, म्हणून तिने स्पीकर लावला. आप्पा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, हातात शिंगाच्या बटणांचा अख्खा खण घेऊन उभे होते.

"मॅडम, तुमचे या महिन्याचे सगळे पैसे आम्ही तूर्त रोखून धरलेत," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "एक कार्ड संशयास्पद आहे. कितीतरी महिने रोज सकाळी एक अगदी बारीक खरेदी, आणि काल अचानक एकामागोमाग एक महागड्या खरेद्या. चोरीची कार्डं चालतात का ते बघायची ही टोळ्यांची पद्धत असते. आधी बारीक चाचपायचं, मग मोठा हात मारायचा. ग्राहकाचं नाव टाकलंय नुसतं ‘कर्नल’."

सुनेच्या हातातला दोरा तसाच राहिला. "कर्नल? अहो, शक्यच नाही! सैन्यातला माणूस आहे तो."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"मी नाही, पण माझ्या सासऱ्यांनी पाहिलंय. रोज भेटतात. आप्पा, सांगा ना यांना, कसे आहेत ते!"

आप्पा हातातल्या खणातली बटणं मोजायला लागले.

"मॅडम, अशी माणसं फार सभ्य वाटतात," गृहस्थ समजुतीने म्हणाले. "यामागे तंत्रज्ञानात चांगलाच मुरलेला कुणीतरी असणार."

फोनवरचा गजर बंद करायला आप्पांना माईंची मदत लागत असे. घटकाभर त्यांना बरं वाटलं.

"कार्ड कुणाचं ते आम्ही बँकेकडून मागवतोय," आवाज पुढे म्हणाला. "मग पोलिसांत तक्रार."

खण आप्पांच्या हातातून सुटला. शिंगाची बटणं ताडताड उडत काउंटरखाली, शटरपर्यंत, सुनेच्या चपलांत गेली. आप्पा शिडीवरून उतरले आणि गुडघ्यांची पर्वा न करता जमिनीवर बसून ती वेचायला लागले. वेचता वेचता, मान वर न करता म्हणाले, "बँकेकडून मागवू नका. कार्ड माझं आहे."

एक बटण अजून कुठेतरी गोल गोल फिरत होतं.

"म्हणजे, सर, कर्नल तुम्ही?" फोनने विचारलं.

"हो."

"सैन्यात होता?"

"नाही हो."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच दुकानातून, तुमच्याच पैशांनी, वर आम्हाला चार्ज देऊन, तुमचीच बटणं घेत होता?"

"असं म्हटलं की वाईट वाटतं," आप्पा म्हणाले. "पण हो."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "सर, मी या कामात खूप टोळ्या बघितल्या. हे नव्हतं बघितलं." मग तो परत कामाला लागला. "हे नियमात बसत नाही. आता या सगळ्या खरेद्या रद्द कराव्या लागतील. तुमचे पैसे कार्डावर परत येतील, आमचा चार्ज मात्र परत मिळत नाही."

"तोसुद्धा नाही?" आप्पांमधला दुकानदार जमिनीवर बसल्या बसल्या जागा झाला.

"तोसुद्धा नाही. बरं, इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

आप्पांनी मुठीतली बटणं या हातातून त्या हातात घेतली. "लिहा, सून."

"काय?"

"सून. ती जाऊ नये म्हणून."

"एवढंच लिहू?"

"एवढंच आहे," आप्पा म्हणाले.

फोन ठेवल्यावर सून वर निघून गेली. माई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या खाली आल्या, नवऱ्याकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, थांब म्हणायला तोंड नव्हतं का तुम्हाला? जीभ हलवली तर ती कंपनी काही कापून घेत नाही!" माईंनी त्यांना हाताला धरून उठवलं, कारण गुडघे काही केल्या सरळ होईनात.

सून संध्याकाळी खाली आली ती डोळे लाल करून. रडून झालं होतं आणि राग उरला होता. "रोज सकाळी ती टिंग ऐकली की मला वाटायचं, कुणाला तरी आपली बटणं हवी आहेत. दिवस वाईट गेला की मी कर्नलच्या चिठ्ठ्या काढून वाचत बसायचे. तुम्ही मला फसवलंत, आप्पा."

"फसवलं," आप्पा म्हणाले. सारवासारव करायला ते पटाईत होते, पण आज केली नाही.

"त्या चिठ्ठ्या लिहायला कुणी सांगितलं होतं? माईंनी?"

"नाही. माझ्या मीच."

"पाकीट नीटनेटकं असतं?"

"असतं."

"चांगली मालकीण मिळाली?"

आप्पांनी खाली बघत मान हलवली.

"मी इथे समोर बसलेली असायचे, हातभर अंतरावर. आणि हे सांगायला तुम्हाला गच्चीवर जावं लागत होतं!" तिने कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. "आता कर्नल वजा."

आप्पा मान लांब करून पडद्याकडे बघत राहिले. कर्नल गेले तशा ऑर्डरी भराभर गळाल्या. उरली ती एवढीशी यादी. पण सून तिच्याकडे नुसती बघत राहिली नाही, पेन घेऊन बसली. एकेक बटण घेणारी माणसं तिने एकत्र केली, प्रत्येकाचा चार्ज एकदाच धरला, पुन्हा बेरीज केली आणि पेन दाताखाली धरलं.

"ही माणसं थोडी आहेत, पण खरी आहेत," ती म्हणाली. "यांना टोपली दिली असती तर चार्ज तिसऱ्या हिश्श्यावर आला असता. नेहमीच्या शिंप्यांना थेट बँकेत पैसे टाका म्हटलं तर त्यांचा तोही नाही. दुकान उभं राहिलं असतं, आप्पा. ऐटीत नाही, भिंतीला हात धरून. पण राहिलं असतं."

"घाल टोपली."

"आणि नियम?"

आप्पांना वडील आठवले, उजेडात बटण धरून गिऱ्हाइकाकडे हसून बघणारे. "त्यांनी नियम केला तेव्हा मध्ये हा तिसरा माणूस उभा नव्हता," ते म्हणाले. "त्यांनीच काढून टाकला असता. मी कान धरतो, पण तू टोपली घाल."

तिने टोपली घातली. पेमेंट कंपनीशी तासभर हुज्जत घालून दोनाचे दीड करून घेतले, कारण मागितल्याशिवाय तिथे कुणी काही सोडत नाही हे तिला आता कळलं होतं. आप्पांचा फोन तिने स्वतःच्या हाताने काउंटरच्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माईंकडे दिली. कचेरीबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही, आणि विचारायची आप्पांची छाती झाली नाही. सकाळ यायची आणि टिंगशिवाय जायची. त्या शांततेत आप्पा एकेक बटण फडक्याने पुसत बसायचे आणि ती कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत असायची.

महिना संपायच्या दिवशी, अशीच आठ्यांची सकाळ चाललेली असताना, कॉम्प्युटर वाजला. टिंग.

सुनेने मान वळवली. आप्पांनी दोन्ही हात वर केले. "मी नाही! तुझी शपथ!"

"माई?"

"मला ते कार्डाचं काही कळत नाही बाई," माई आतून ओरडल्या. "आणि फोन बंद आहे खणात, किल्ली माझ्या कमरेला!"

सून पडद्यावर वाकली. सहा बटणं, टोपलीत घातलेली, पैसे एकदाच भरलेले. झबल्याच्या बाई होत्या. खाली चौकोनात त्यांनी लिहिलं होतं, ‘बाळ शर्ट घालायच्या वयाचं झालं. टोपली केलीत, बरं केलंत.’

सुनेने खण ओढला आणि सहा बटणं काउंटरवर ठेवली. आप्पांनी सवयीने एकेक उजेडात धरून बघितलं आणि तिच्यापुढे सरकवलं. तिने सहाही एका कागदात बांधली, कडा नखाने दाबल्या, दोऱ्याची गाठ मारली.

"छान बांधलंस," आप्पा पुटपुटले.

"काय म्हणालात?"

आप्पांचे कान लाल झाले. समोर रस्त्यावर माणसं होती, शटर उघडं होतं, आणि टाकी तीन जिने वर होती. "पाकीट छान बांधलंस, म्हटलं," ते मोठ्याने म्हणाले. "रोजच बांधतेस. आणि तू जाऊ नकोस. तू नसलीस की मला इथे करमत नाही."

आत माईंच्या हातून काहीतरी पडलं. सून पाकिटावर पत्ता लिहीत राहिली, तो पूर्ण केला, शाई वाळेपर्यंत थांबली. मग तिने स्वतःचा फोन उचलला आणि विम्याच्या कचेरीला कळवलं, की तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही.